बिनशापाची हळद

नेवासा फाट्यावर जगूनानांच्या दुकानासमोर गाणं गुणगुणायची सोय नव्हती. एखादा प्रवासी हातात उसाच्या रसाचा ग्लास घेऊन एसटीची वाट बघत उभा असायचा. दुकानात लागलेलं हळदीचं गाणं नकळत त्याच्या ओठांवर यायचं. दुसरी ओळ सुरू होते न होते तोच काउंटरमागून प्रश्न यायचा, "कॅसेट घेतली का?"

"न्हाई... नुसतं आपलं तोंडात आलं..."

"मंग तोंडात रस घ्या. गानं काय झाडाला लागतं व्हय?"

पुढे दोनच मार्ग असत. कॅसेट विकत घ्यायची, नाहीतर पलीकडच्या लिंबाखाली जाऊन हवं तेवढं गुणगुणायचं. बहुतेक लोक लिंबाखाली जात. फाट्यावर एवढी ऐसपैस शेड असताना गर्दी लिंबाखाली का, हे बाहेरगावच्या माणसाला कळायचं नाही.

माझा फोटो स्टुडिओ नानांच्या दुकानाला लागून होता. मधली भिंत एका विटेची. त्यामुळे नानांचं बोलणं, खोकणं आणि गिऱ्हाइकांशी भांडणं हे सगळं मला विनामूल्य ऐकायला मिळे. एवढी एकच गोष्ट नानांनी कधी कुणाला फुकट दिली असेल.

पूर्ण नाव जगन्नाथ दारकुंडे. पांढरी टोपी, पायजमा, आणि शर्टाच्या खिशात कायम एक पेन्सिल. ती लिहायला नव्हे. सैल पडलेली कॅसेट गुंडाळायला. नानांचा मूळ धंदा लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा. लग्न असो, जत्रा असो की निवडणूक, नाना झाडावर कर्णे बांधत आणि दुसऱ्यांची गाणी पहाटेपासून अख्ख्या गावाला ऐकवत. तेव्हा ती गाणी कुणाची, कुणाचा हक्क, असला प्रश्न त्यांना चाळीस वर्षांत एकदाही पडला नाही. मग नव्वदनंतर गल्लोगल्ली टेपरेकॉर्डर झाले आणि नानांनी स्वतःची कंपनी काढली. नाव 'दारकुंडे ध्वनी'. ज्या दिवशी पाटी लागली, त्याच दिवसापासून नानांना हक्क कळायला लागला. "हक्क मंजी हक्क," हे वाक्य ते चहाच्या घोटामागे एकदा म्हणत.

कंपनीत माणसं दोन. मालक नाना, आणि गायिका त्यांची मुलगी मंदा. मंदाची आई ती शाळेत असतानाच गेली होती. पोरीला नानांनीच वाढवलं. प्रेमाने म्हणवत नाही, कारण नानांचं प्रेम आम्हाला कधी ऐकू आलं नाही. ऐकू यायचं ते ओरडणं. "मंदेऽ, दिवा घालव, बिल काय तुझा मामा भरनार हाय?" "मंदेऽ, दार लाव, कुत्रं आलं!" पोरगी मात्र हसतमुख. आणि गळा असा, की मी काही गाण्यातला माणूस नाही, पण ती पलीकडे गायला लागली की डार्करूममध्ये माझे हात थांबायचे आणि औषधाच्या पाण्यातला फोटो काळा पडायचा. माझे बरेच कागद त्या पोरीपायी वाया गेले.

दुकानामागच्या खोलीत रेकॉर्डिंग झालं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर गोधड्या टांगल्या होत्या. त्यातल्या दोन माझ्या घरच्या. खोलीपासून हायवे हाकेच्या अंतरावर, त्यामुळे गाडी आली की नाना हात वर करत, सगळे गप्प बसत, गाडी गेली की पुन्हा पहिल्यापासून. तरी तिसऱ्या गाण्यात एका ट्रकचा हॉर्न राहिलाच. पुढे खेड्यापाड्यांत बायका ते गाणं तोंडाने म्हणताना बरोबर त्या जागी "पोंऽ" म्हणायला लागल्या. त्यांना वाटलं, चालीतच आहे.

कॅसेटचं नाव साधं, 'हळदीची गाणी'. वरचा फोटो मी काढला. खाली छापलं होतं, 'गायिका: कु. मंदा दारकुंडे'. नानांनी ते कव्हर पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा नावावरून अंगठा फिरवला आणि मला म्हणाले, "अक्षर जरा मोठं पायजे हुतं." त्यांच्या तोंडून आलेली ही सर्वांत मोठी शाबासकी.

कॅसेट चालली. पुढच्या उन्हाळ्यात मंदाचं लग्न झालं आणि ती मिरजगावला गेली. कंपनीत माणूस एकच उरला. आणि त्याच सुमारास स्टँडवर बबनची हातगाडी आली.

बबनकडे डबल कॅसेटचा टेप होता. एका बाजूला तुमची कॅसेट, दुसऱ्या बाजूला कोरी. चहा पिऊन होईपर्यंत एकाच्या दोन. नानांनी त्याच्या गाडीवरची कॅसेट उचलून बघितली. आतली गाणी मंदाची, ट्रकच्या हॉर्नसकट. वरच्या कागदावर बॉलपेनने लिहिलेलं, 'हळद – लेडीज'.

तो कागद घेऊन नाना माझ्याकडे आले. गाणी चोरल्याचं त्यांना वाईट वाटलंच असेल, पण ते बोलले भलतंच. "लेडीज? फोटूवाले, लेडीज? नाव हाय तिला! पोरगी सासरी गेली तर लगीच तिची लेडीज झाली व्हय?"

तेव्हापासून नाना पेटले.

पहिला उपाय दातांचा. कॅसेटच्या पाठीला दोन बारीक प्लॅस्टिकचे दात असतात. ते मोडले की रेकॉर्डिंग होत नाही, असं नानांना कुणीतरी सांगितलं. झालं. नाना स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले आणि गठ्ठेच्या गठ्ठे बोडके केले. मग मुद्दाम बबनसमोर जाऊन म्हणाले, "कर आता नक्कल!" बबन नम्र माणूस. तो म्हणाला, "नाना, दात मोडलं की तिच्यावर दुसरं काय भरता येत न्हाई. तिच्यातलं काढून घ्यायला दात कशाला लागत्यात?" नुकसान मात्र झालं ते वेगळंच. आमच्या भागात लोक कॅसेट घेताना पुढचा विचार करत. गाण्यांचा कंटाळा आला की तिच्यावरच कीर्तन भरून घेऊ. बोडकी कॅसेट बघून तेही गिऱ्हाईक गेलं.

दुसरा उपाय चौकशीचा. कॅसेट मागणाऱ्या प्रत्येकाला नाना विचारू लागले, "घरी डबल टेप तर न्हाई?" असेल, तर कॅसेट मिळणार नाही. आता डबल टेप कुणाकडे असणार? ज्याच्या खिशात चार पैसे, त्याच्याकडे. एक दिवस हायस्कूलचे मास्तर आले. सरळ माणूस, हो म्हणाले. नानांनी त्यांना हात जोडून परत पाठवलं. मास्तर गेले ते थेट बबनकडे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, वर संन्याशाला चोराच्या दारात नेऊन पोचवायचं.

"नाना, अशाने धंदा बुडेल," मी म्हटलं.

"बुडू द्या. पर हक्क मंजी हक्क."

तिसरा उपाय त्यांना शिंगणापुरात सुचला. नेवाशाच्या माणसाला शिंगणापूर काही नवीन नाही, पण त्या शनिवारी नाना दर्शन घेऊन गावात हिंडले आणि बिनदाराची घरं जणू पहिल्यांदाच बघितल्यासारखे परत आले. डोळ्यांत वेगळीच चमक. "फोटूवाले, तिथं कडी न्हाई, कुलूप न्हाई, दार न्हाई. तरी चोरी न्हाई. का?"

"का?"

"भ्या! मानूस कुलपाला भीत न्हाई, साडेसातीला भीतो. आपुन इतके दिस कुलपंच लावीत बसलो."

त्या आठवड्यात गोधड्या पुन्हा भिंतींवर चढल्या. या वेळी गायक खुद्द नाना. गाणी तीच मंदाची, पण नव्या कॅसेटमध्ये दर दोन गाण्यांच्या मधे त्यांचा आवाज भरला गेला. आवाज म्हणजे रिकाम्या पिंपात कुणी धोंडे टाकावेत तसा. मजकूर असा: "सावधान! ही गानी दारकुंडे ध्वनीच्या हक्काची हायेत. जो कोनी यांची नक्कल करील, त्याच्या मागं साडेसाती लागंल, आन् ती त्याच्या घरादाराला पुरंल!"

नाना खूश. म्हणाले, "आता बघा."

ते बघायचं माझ्याच नशिबी होतं. कुकाण्याकडच्या एका वस्तीवर मी लग्नाचे फोटो काढायला गेलो होतो. नवरदेव पाटावर बसलेला, पाच सवाष्णी हळद लावतायत, कर्ण्यावर मंदाचं गाणं. सगळं कसं गोड चाललेलं. दुसरं गाणं संपलं आणि कर्णा गरजला, "सावधान!"

माझ्याशेजारी एक म्हातारबा डुलक्या घेत बसले होते. लग्नात 'सावधान' ऐकलं की काय करायचं हे अंगवळणी पडलेलं. ते दचकून उठले आणि ताटातल्या अक्षता मुठीने नवरदेवावर उधळल्या. त्यांचं बघून आणखी दोघा-तिघांनी उधळल्या. नवरीचा पत्ता नाही, अंतरपाट नाही, नवरदेव बनियनवर. तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. "त्याच्या मागं साडेसाती लागंल, आन् ती त्याच्या घरादाराला पुरंल!"

नवरदेवाच्या आत्याचा हळदीचा हात त्याच्या गालावर तसाच राहिला. कोणी हलेना. मग एकदम जो कालवा झाला! लाऊडस्पीकरवाल्याला घराण्याचा उद्धार ऐकावा लागला. आत्याबाईंनी नवरदेवाला पुन्हा आंघोळ घातली, लागलेली हळद धुऊन काढली आणि नव्याने लावली. गाणी बायकांनी तोंडाने म्हटली. "पोंऽ"सकट.

यातली गंमत अशी, की ती कॅसेट रोख पैसे मोजून नानांच्या दुकानातून आणलेली होती. नक्कल तिथे कुणी केलीच नव्हती.

मी परत येऊन नानांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा ढिम्म. "चोरानं भ्यावं म्हनून घातलंय. सावानं कशाला भ्यायचं?"

"नाना, चोर ते ऐकतच नाही. तो तुमचं बोलणं काढून टाकतो आणि गाणी ठेवतो. शाप ऐकावा लागतो तो फक्त पैसे देणाऱ्याला."

नाना थोडा वेळ पेन्सिल खिशातून काढत आणि ठेवत राहिले. मग म्हणाले, "मंग सावानं तेवढ्यापुरते कान झाकावं."

सावाने कान झाकले नाहीत, दुकान बदललं. कुकाण्याची बातमी तालुकाभर झाली. शेवगावपासून राहुरीपर्यंतच्या दुकानदारांनी विकायला ठेवलेल्या कॅसेटची खोकी परत पाठवली. एकाने खोक्यावर काळी बाहुली बांधून पाठवली. आणि बबनच्या गाडीवर खडूने लिहिलेली पाटी लागली: 'बिनशापाची हळद मिळेल'.

लोकांनी त्यात शास्त्रही शोधून काढलं. शाप कुणाला? नक्कल करणाऱ्याला. नक्कल केली कुणी? बबनने. म्हणजे शाप बबनवर गेला, कॅसेट मोकळी झाली. खरी कॅसेट घरात ठेवणं जोखमीचं, उद्या भाच्याने नक्कल केली तर? त्यापेक्षा नक्कलच घेतलेली बरी. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तशी नानांची गत झाली. खुद्द बबनला मी विचारलं, तुला भीती नाही वाटत? तो म्हणाला, "साहेब, माझी साडेसाती आधीच चालू हाय. जोशीबुवांनी सांगितलंय. एकीवर दुसरी बसत न्हाई."

त्या दिवसांत नाना खचले होते. काउंटरवर बसत, पण समोर कुणी गुणगुणलं तरी मान वर करत नसत. दुपारी डबा उघडायचा विसरत. मंदाला महिन्यातून एकदा एसटीडी बूथवरून फोन करायचे, तो मी ऐकलेला आहे. "हॅलो! मंदा का? बरी हायेस ना? मी बी बरा. ठिवतो!" मीटर पळतं म्हणून नाना उत्तराला थांबत नसत.

मग एक दिवस मिरजगावचे जावई आले. भला मुलगा. धाकट्या बहिणीचं लग्न काढलं होतं, आमंत्रण द्यायला आला होता. मलाही फोटोसाठी बोलावलं. चहा झाला तरी तो उठेना. शेवटी खाली बघत म्हणाला, "मामा, एक सांगायचं हुतं. मंदाची लई इच्छा हाय, हळदीला तिची गानी लागावी. आमच्याकडं तिचं गानं कुनी ऐकलंच न्हाई. पर दिवाळीला तिनं हिकडून आनली त्या कॅसेटमधला शाप आईच्या कानावर पडला. सीना नदीत सोडून ये म्हनली. घरात नगं. लग्नात तर नगंच."

नानांनी कपबशी बाजूला सारली.

"आई म्हनती, ती स्टँडवरची असंल तर चालंल."

आता जावयाचीही खैर नाही असं वाटलं. मंदा गात होती ते या फाट्यावर. सासरी गाऊ नको असं तिला कुणी म्हटलं नव्हतं, पण गा असंही कुणी म्हटलं नव्हतं. त्या घरात पोरीचा गळा पोचायचा तर एकच वाट होती, आणि ती बबनच्या गाडीवरून जात होती.

नानांनी टोपी नीट केली. "बरं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या दारातून बघितलं. नाना रस्ता ओलांडून बबनच्या गाडीपाशी गेले. बबन आधी घाबरला, दोन पावलं मागे सरला. नाना इकडेतिकडे बघत म्हणाले, "एक दे."

"कंची, नाना?"

"ती... बिनशापाची."

बबनने कॅसेट दिली. पैसे घेईना. "नाना, तुमचीच हाय की." नानांनी नोट त्याच्या गाडीवर ठेवली. मग त्याच्याकडून बॉलपेन मागून घेतलं, 'लेडीज' वर काट मारली आणि सावकाश लिहिलं, 'सौ. मंदा'. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

मिरजगावात हळद थाटात झाली. कर्ण्यावर कॅसेट लागली, एकामागून एक गाणी झाली, मधे कुणी गरजलं नाही. पाहुण्या बायका विचारू लागल्या, आवाज कुणाचा गं इतका गोड? मंदाच्या सासूबाई, त्याच कॅसेट नदीत सोडायला सांगणाऱ्या, पदर सावरून म्हणाल्या, "कुनाचा मंजी? आमच्या सूनबाईचा!" आणि मंदाला हाताला धरून पुढे केलं. मग बायकांनी तिला सोडलंच नाही. तिने टेप बंद करून तोंडाने दोन गाणी म्हटली. मी फोटो काढत होतो. नाना मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते, टोपी हातात घेऊन.

जेवणं झाल्यावर मंदा मांडवामागे नानांजवळ आली. मी तिथेच रोल बदलत होतो. मला वाटलं, पाया पडेल, खूश असेल. ती जरा रुसूनच म्हणाली, "नाना, मधलं तुमचं बोलनं कुठं गेलं?"

"काढलंय ते. लोकं भित्यात त्याला."

"मी न्हाई भीत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "ती मी नदीत सोडली न्हाई. तांदळाच्या डब्यात ठिवलीया. दुपारी घरात कुनी नसलं की लावती. गानी सगळी पुढं पळवती. तुमी वरडायला लागला, की मंग थांबून ऐकती."

नाना तिच्याकडे बघत राहिले. हे एवढंच ऐकायला त्या माणसाला जगातली सगळी भांडणं करावी लागली, असं मला वाटलं.

"येडी हायेस," नाना म्हणाले. "पानी आन जरा."

आम्ही फाट्यावर परतलो. चार-आठ दिवसांनी एका दुपारी भिंतीपलीकडे खिळे ठोकल्याचा आवाज आला. नाना गोधड्या टांगत होते. मी मनात म्हटलं, आता कुणाला शाप? टेपचं बटण दाबल्याचं ऐकू आलं. एक गाडी गेली, ती जाईपर्यंत नाना थांबले. मग खाकरले.

"मंदा," भिंतीपलीकडून आवाज आला. इतका हळू आवाज नानांचा मी कधी ऐकला नव्हता. "जेवलीस का?"

पुढे काहीच नाही. मी हातातला फोटो पाण्यात तसाच धरून उभा राहिलो. पलीकडे टेप नुसता फिरत होता, आणि नाना तिच्या उत्तरासाठी थांबले होते.